बाजार १८८६ मध्येच नियमात आला, डेटा कधी येणार?

दर दोन-तीन वर्षांनी आमच्या धंद्यातलं कुणीतरी उठतं आणि एक्सएमएल मेल्याचं जाहीर करतं. "कोण वापरतं रे आता ते? नुसते कंस उघडा आणि कंस मिटवा. जेसन घे आणि मोकळा हो!" हे वाक्य बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर ऐकू येतं, आणि बोलणारा इसम बोलता बोलता फोन काढून, क्यूआर कोड स्कॅन करून चहाचे पैसे देत असतो.

मंडळी, ते चहाचे पैसे एक्सएमएलमधून जातात. यूपीआयची चाचणी ११ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. तेव्हापासून बँका आणि एनपीसीआय यांच्यात जे निरोप जातात-येतात ते एक्सएमएलमध्ये. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक, व्यवहाराला वेगळा क्रमांक, वेळेची नोंद आणि वर डिजिटल सही. निरोप पोचला की आधी नुसती पोच येते, खरं उत्तर मागाहून वेगळ्या निरोपाने. आधारची पडताळणी? तीही एक्सएमएल. गल्लीतल्या किराणा दुकानापासून मोठ्या अडत्यापर्यंत सगळ्यांच्या संगणकावर असलेलं टॅली? ते तर ९००० नंबरच्या पोर्टवर छोटा वेब सर्व्हर होऊन बसतं. त्याला एक्सएमएल पाठवा, ते एक्सएमएलमध्येच उत्तर देतं. मेलेला माणूस बराच कामात दिसतोय :-)

पण हा लेख एक्सएमएलच्या वकिलीसाठी लिहीत नाहीये. मला त्या कंसांचं काही प्रेम नाही. माझं म्हणणं एवढंच, की एका मशीनने दुसऱ्या मशीनला डेटा द्यायचा तर दोघांत आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या ठरवायचा आपल्याला जबर कंटाळा आहे. हा कंटाळा आपण फॉरमॅटच्या भांडणाआड लपवतो. त्याची किंमत मात्र आपण पुण्या-मुंबईच्या एसीत बसून भरत नाही. ती कारंजाच्या मार्केट यार्डात सोयाबीनची ट्रॉली घेऊन उभा असलेला माणूस भरतो.

कारंजाच का?

कारंजा लाड, जिल्हा वाशिम. दत्तभक्तांना हे गाव श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे, जैन साहित्याच्या अभ्यासकांना तिथल्या हस्तलिखितांच्या भांडारांमुळे. पण कृषी महाविद्यालयातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तो तिसरंच काहीतरी सांगेल. 'भारतातला पहिला नियंत्रित बाजार कोणता?' हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे, आणि त्याचं ठरलेलं उत्तर आहे: कारंजा, १८८६, कापूस.

वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या कारभाराखाली होतं, आणि त्याच्या आदेशाने कारंजाचा कापूस बाजार नियमांखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने असे बाजार देशभर हवेत अशी शिफारस केली. पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. आज आपण ज्याला एपीएमसी म्हणून (बहुधा शिव्या देण्यासाठी) ओळखतो, त्याची मुळं अशी कारंजात आहेत.

इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असं कुणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता, हे त्यामागचं कारण. पण हेतू काहीही असो, त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती. अनोळखी माणसांमध्ये मोठा व्यवहार व्हायचा असेल तर वजन एक हवं, बोली उघड हवी आणि झालेल्या सौद्याची नोंद हवी. जुन्या बाजारांमध्ये दलाल रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत बसायचा. नियंत्रित बाजार म्हणजे तो रुमाल काढून टाकणं.

आता आपल्याकडे या. ज्या सर्व्हरला काय पाठवायचं, तो काय परत देणार आणि चुकलं तर काय सांगणार हे कुठेच लिहिलेलं नसतं, तो सर्व्हर म्हणजे रुमालच. आतमध्ये कुणाची बोटं कोण दाबतंय ते बाहेरच्याला कळत नाही.

तक्ता म्हणजे डेटा नव्हे

"पण बाजारभाव तर ऑनलाइन आहेत की!" आहेत ना. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून आहे. पुण्याचं कृषी पणन मंडळ रोजचे भाव वेबसाइटवर देतं: बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. घरबसल्या फोनवर लातूर, अकोला आणि कारंजाचे भाव शेजारी शेजारी दिसणं ही लहान गोष्ट नाही.

पण तो तक्ता माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. मशीनला तो वाचायचा असेल तर वेबपान उतरवा, त्यातला तक्ता शोधा, तिसरा रकाना आवक आहे असं धरून चाला आणि देवाचं नाव घ्या. माझी एक छोटी स्क्रिप्ट असे भाव गोळा करते. एका साइटने (नाव नको) एका सकाळी मध्येच एक नवा रकाना घातला. कुणाला न सांगता, कारण सांगायचं कुणाला? पानाला वाचक असतात, ग्राहक-प्रोग्रॅम असतो हे तिथे कुणाच्या मनातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आवकेच्या जागी भाव आणि भावाच्या जागी आवक. माझं काही बिघडलं नाही, मी बघून दुरुस्त केलं. पण असाच उतरवलेला आकडा कुणी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवत असेल तर?

सरकारने धोरण म्हणून ही गोष्ट कधीच मान्य केली आहे. २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणात डेटा मशीनला वाचता येईल अशा स्वरूपात द्या असं आहे, आणि त्याच वर्षी सरकारी खुल्या डेटाचं पोर्टल निघालं. तिथे देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव एक्सएमएल, जेसन आणि सीएसव्ही अशा तिन्ही स्वरूपांत मागता येतात. आता टाळ्या वाजवायच्या आधी आत काय आहे ते बघा. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. किती क्विंटल आवक झाली ते नाही. तिथल्या फायलींमध्ये 'किमान' आणि 'भाव' या दोन इंग्रजी शब्दांच्या मध्ये, रिकाम्या जागेऐवजी, एक्सएमएलमध्ये रिकामी जागा लिहायची सांकेतिक खूण तशीच पडलेली दिसली आहे. एक्सएमएलमध्ये टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती खूण घातली, आणि पुढे डेटा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये गेला तरी खूण अंगावर घेऊनच गेला. फॉरमॅट बदलून घर स्वच्छ होत नाही, त्याचा याहून चांगला पुरावा मला तरी सापडलेला नाही.

कुठलं कारंजा?

डेटा पाठवताना सगळ्यात आधी काय ठरवायला हवं? मला विचाराल तर नाव.

महाराष्ट्रात कारंजा किती आहेत? वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, तेही तालुक्याचं गाव. उरणजवळचं कारंजा बंदर. तक्त्यात नुसतं 'कारंजा' लिहिलं की विदर्भातल्या माणसाला संदर्भाने कळतं, सर्व्हरला नाही. बरं, जिल्हा लिहिला तर सुटेल? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे १९९७ च्या नोंदीत हाच बाजार अकोला जिल्ह्यात आहे. दोन वर्षांचे भाव शेजारी ठेवायला गेलात की प्रोग्रॅमच्या मते एक कारंजा बंद पडलं आणि दुसरं नवीन निघालं.

याला उपाय आहे आणि तो शंभर वर्षं जुना आहे: नावासोबत क्रमांक. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याचा क्रमांक ५०२ आहे. गावांना, तालुक्यांना केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत संकेतांक आहेत. तसाच प्रत्येक बाजार समितीला एकच कायमचा संकेतांक द्या, आणि प्रत्येक निरोपात तो सक्तीचा करा. नाव माणसासाठी, क्रमांक मशीनसाठी.

दुसरं, एकक. शेतकरी यार्डात कपाशीचा, म्हणजे सरकी असलेल्या कापसाचा भाव क्विंटलवर ऐकतो. जिनिंगनंतर त्याच कापसाची रुई होते आणि तिचा भाव खंडीवर बोलला जातो, खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो. दोन्ही आकड्यांवर 'कापूस' असंच लिहिलेलं असतं. एकक लिहिलं नाही, तर कारंजाच्या यार्डातला भाव आणि मुंबईच्या बाजारातला भाव यांची तुलना म्हणजे निव्वळ करमणूक.

तिसरं, तारीख. ०५/११/२०२४ म्हणजे नोव्हेंबरची पाच की मे महिन्याची अकरा? आपण म्हणू पाच नोव्हेंबर. सर्व्हर कुठल्या देशाच्या सेटिंगवर बसलाय त्यावर त्याचं उत्तर अवलंबून. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलं की वाद मिटला, आणि एक्सएमएल स्कीमात तारीख तशीच लिहावी लागते.

चौथं, लिपी. इथे आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टात टाइप केलेली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. फॉन्ट काढला की कारंजाचं काहीतरी अगम्य होतं. ते युनिकोडमध्ये आणलंत तरी सुटका नाही. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२३ प्रमाणे, सर्व्हरने 'टेक्स्ट/एक्सएमएल' असा प्रकार सांगितला आणि अक्षरसंच सांगायचा विसरला, तर घेणाऱ्याने मजकूर अमेरिकन अ‍ॅस्कीत आहे असं धरायचं होतं! फाइलच्या आत पहिल्या ओळीत तुम्ही काहीही लिहिलेलं असो. हा नियम जुलै २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने बदलला. मधल्या तेरा वर्षांत किती मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं झाली असतील ते मोजायला कुणी बसलेलं नाही. म्हणून अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं हेडरमध्ये सांगा. एक ओळ आहे, पैसे पडत नाहीत.

निरोप आणि पोच

आता असा एक निरोप कसा दिसेल ते बघू. आकडे नुसते नमुन्याचे आहेत:

<हर्रास क्रमांक="१२७" तारीख="२०२४-११-०५">
  <बाजार जिल्हा="५०२">कारंजा लाड</बाजार>
  <शेतमाल>सोयाबीन</शेतमाल>
  <वजन एकक="क्विंटल">१८.५</वजन>
  <ओलावा एकक="टक्के">१३.२</ओलावा>
  <भाव एकक="रुपये प्रति क्विंटल">४१५०</भाव>
</हर्रास>

हो, टॅग मराठीत आहेत, आणि हे चालतं. एक्सएमएलचं स्टँडर्ड १० फेब्रुवारी १९९८ ला आलं तेव्हापासून टॅगचं नाव देवनागरीत ठेवायला परवानगी आहे. आपण कधी वापरलीच नाही, ही गोष्ट वेगळी. (फक्त आकड्यांच्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी अंक लिहावे लागतील. एक्सएमएल स्कीमा देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. इथे वाचायला बरं म्हणून तसे लिहिलेत.) वाचणाऱ्या अडत्याला, समितीच्या सचिवाला आणि शेतकऱ्याच्या बारावी झालेल्या मुलीला हे न समजवता कळेल. टॅग मराठीत ठेवायचे की इंग्रजीत यावर मी भांडणार नाही. पण ज्यांचा डेटा आहे त्यांना तो वाचून 'यात अमुक राहिलं' असं म्हणता यायला हवं.

हा निरोप सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला पोस्ट करायचा. पीएचपी असो, पायथन असो, काहीही असो. स्क्रिप्टची कामं पाचच आहेत. आलेला कच्चा मजकूर वाचणं (पीएचपीत तो नेहमीच्या फॉर्मच्या अ‍ॅरेत सापडत नाही, इनपुट स्ट्रीममधून घ्यावा लागतो, आणि अर्धे लोक इथेच अडकून 'एक्सएमएल चालत नाही' म्हणत परत जातात). तो ठरलेल्या स्कीमाप्रमाणे आहे का ते तपासणं. क्रमांक आधी येऊन गेलाय का ते बघणं. साठवणं. आणि पोच देणं.

यातलं तिसरं काम लोक हमखास गाळतात. यार्डात नेट जातं. निरोप पोचला, पण पोच परत यायच्या आत लाइन तुटली. पाठवणारा प्रोग्रॅम पुन्हा पाठवतो, आणि त्याने पाठवायलाच हवं. स्क्रिप्ट क्रमांक बघत नसेल तर १८.५ क्विंटलचे ३७ होतात. दिवसभरात असं शंभर वेळा झालं की 'कारंजात आवक वाढली' अशी बातमी तयार. आवक वाढल्याच्या बातमीने भावाचं काय होतं, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आणि पोच. आपल्याकडच्या स्क्रिप्टांना पोच द्यायची भयंकर लाज. काहीही पाठवा, उत्तर एकच: स्टेटस २००, सगळं ठीक. आत डेटाबेसने नोंद फेकून दिलेली असली तरी २००! टॅलीला नावं ठेवणाऱ्यांनी त्याचं उत्तर एकदा उघडून बघावं. किती नोंदी नव्या झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या, असे आकडे त्यात वेगवेगळे येतात. अडत्याच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरला जे कळतं ते आपल्या 'एंटरप्राइज' सर्व्हरला का कळू नये? यार्डात माल काट्यावर चढला की काटापट्टी मिळते. काटापट्टी न घेता कुणी माल सोडून घरी जात नाही. मग डेटा का सोडायचा?

जाता जाता सुरक्षिततेचं. एक्सएमएलमध्ये एका शब्दाचा विस्तार दुसऱ्या शब्दांत करायची सोय आहे, आणि तिचा गैरवापर करून एक किलोबाइटही नसलेली फाइल सर्व्हरच्या मेमरीत काही गिगाबाइट होऊन पसरू शकते. बाहेरून आलेल्या फाइलमधला असा विस्तार आणि बाहेरचे संदर्भ बंद ठेवायचे. हे कारण सांगून 'म्हणूनच एक्सएमएल नको' म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की चोर येतो म्हणून आपण दाराला कडी लावतो, घराला दारच नको असं म्हणत नाही.

ओलावा कुठे गेला?

वरच्या नमुन्यात मी 'ओलावा' मुद्दाम घातलाय. खरं म्हणजे हा सगळा लेख त्या एका ओळीसाठी आहे.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. राज्यातल्या बहुतेक बाजारांत भाव त्याच्या बराच खाली होता. हमीभावाने सरकारी खरेदी चालू होती, पण तिला अट होती ओलावा १२ टक्क्यांच्या आत असण्याची. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. म्हणजे त्या हंगामात सोयाबीनच्या प्रत्येक पोत्याचं नशीब ओलाव्याच्या एका आकड्यावर ठरत होतं. यार्डातही तेच. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, दाताखाली एक चावतो, म्हणतो "ओलं हाय", आणि भाव उतरतो.

आता वर सांगितलेले सगळे रकाने पुन्हा वाचा. जात, प्रत, किमान, कमाल, सर्वसाधारण. ओलावा आहे का कुठे? नाही. मग 'कारंजा, सोयाबीन, कमीत कमी ३,८००, जास्तीत जास्त ४,३००' (हेही नमुन्याचेच आकडे) या ओळीतल्या पाचशे रुपयांच्या फरकाचा अर्थ काय? तो खरोखर ओला माल होता, की विकणारा घाईत होता, की त्याला पैशांची नड होती हे लक्षात आलं होतं? डेटावरून सांगता येत नाही. आणि जे डेटावरून सांगता येत नाही त्यावर कुणाला जाब विचारता येत नाही. नोव्हेंबरमध्ये १२ की १५ हा निर्णय घेताना प्रत्येक यार्डात किती माल किती ओलाव्याचा आला हे समोर असतं, तर तो कदाचित हंगामाच्या सुरुवातीलाच झाला असता.

रकाने कोण ठरवतं, हा म्हणून साधा तांत्रिक प्रश्न नाही. १८८६ मध्ये ते मँचेस्टरच्या सोयीने ठरले. आज ते अहवाल मागणाऱ्या साहेबाच्या सोयीने ठरतात. त्याला राज्याची सरासरी हवी असते, त्याला तीन आकडे पुरतात. माल विकणाऱ्याला काय हवं ते कुणी विचारलेलं नाही. आणि आपण इंजिनिअर मंडळी? आपण 'रिक्वायरमेंट'मध्ये नव्हतं म्हणून हात झटकतो आणि एक्सएमएल की जेसन यावर वीकेंडभर भांडतो.

नेहमीचे आक्षेप

"जेसन का नाही?" घ्या की जेसन! जीएसटीची विवरणपत्रं पहिल्यापासून जेसनमध्ये आहेत. आयकर विवरणपत्राच्या फायली कर निर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत एक्सएमएल होत्या, २०२१-२२ पासून जेसन झाल्या. कुणाचं काही अडलं नाही, कारण दोन्हीकडे कुठला रकाना सक्तीचा, कुठल्यात किती अक्षरं, चुकलं तर कुठला एरर हे आधी लिहून ठेवलेलं आहे. कर घ्यायचा असतो तेव्हा सरकारला काटेकोर स्कीमा लिहिता येतो. तोच काटेकोरपणा भाव सांगतानाही दाखवा, एवढंच मागणं आहे.

"भाव व्हॉट्सअ‍ॅपवर येतात की." येतात. फळ्याचा फोटो येतो, तारीख कापलेली असते, तिसऱ्या ग्रुपवरून चौथ्यावर जातो आणि परवाचा भाव आजचा म्हणून फिरतो. माहिती पसरते हे खरं, पण चुकली तर ती परत घेता येत नाही. क्रमांक असलेल्या निरोपाची दुरुस्ती त्याच क्रमांकाने पाठवता येते.

"बाजार समितीत माणसं कुठे आहेत?" अहो, माणसं नाहीत म्हणूनच हे म्हणतोय! तोच आकडा काटापट्टीवर, मग रजिस्टरमध्ये, मग अडत्याच्या हिशोबात, मग वेबसाइटच्या फॉर्ममध्ये. एकच वजन हाताने किती वेळा लिहायचं? कारंजातल्या लोकांना या हमालीची जुनी ओळख आहे. शकुंतला म्हणून जी छोटी गाडी यवतमाळहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला जायची, तिचा रूळ होता ७६२ मिलिमीटरचा. मूर्तिजापूरला मुख्य लाइन लागायची, तिचा १६७६ चा. कापसाची गाठ मुंबईकडे जायची तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावीच लागणार. शकुंतला आता धावत नाही. पण एका रुळावरून माल काढून दुसऱ्या रुळावर चढवायचं काम आपल्या कार्यालयांत रोज चालू आहे, फक्त गाठींऐवजी आकडे आणि हमालांऐवजी डेटा एंट्री ऑपरेटर. काट्याजवळच्या संगणकावरून एकदा निरोप सुटला, तर पुढच्या तीन ठिकाणी तो टाइप करायची गरजच उरत नाही.

"आता नवीन पोर्टल येतंय, त्यात सगळं असेल." नवीन पोर्टल नेहमीच येत असतं. आणि आलं की पहिल्या पानावर मंत्र्यांचा फोटो, दुसऱ्यावर लॉगिन, तिसऱ्यावर पीडीएफ. मला पोर्टल नकोय. मला एक पत्ता हवाय, ज्यावर निरोप पाठवता येईल आणि मागता येईल, आणि दोन पानी कागद हवाय, ज्यात त्याचे नियम मराठीत लिहिलेले असतील.

मग मागायचं काय?

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. अर्ज न करताही माहिती आपणहून द्या, इंटरनेटवर द्या, असं त्यात म्हटलंय. तेव्हा मागणी अवघड नाही. बाजार समितीला कायमचा संकेतांक. सौदागणिक एक निरोप. त्यात वजन, एकक, ओलावा, भाव. पाठवणाऱ्याला पोच. आणि हाच डेटा वाचायला सगळ्यांना सारखाच उघडा, नमुन्याच्या किल्लीवर दहा ओळी दाखवून 'खुला डेटा' म्हणायचं नाही.

ही स्क्रिप्ट लिहायला तुमच्या-माझ्यासारख्याला दोन शनिवार पुरतील. स्कीमा ठरवायला जास्त वेळ लागेल, कारण त्यासाठी मापारी, अडत्या, समितीचा सचिव आणि शेतकरी अशा चार जणांना एका बाकावर बसवावं लागेल, आणि 'ओलावा कुणी मोजायचा, कुठल्या यंत्राने, कुणासमोर' यावर कडाक्याचं भांडण होईल. होऊ दे. ते भांडण खरं आहे. कंस चौकोनी की टोकदार या आपल्या भांडणापेक्षा तर नक्कीच.

असो. पुढच्या वेळी कुणी 'एक्सएमएल मेलं' असं म्हणालं, तर त्याला फक्त एक विचारा: "तुझ्या जेसनमध्ये ओलावा आहे का?"